पाटीवरची तिसरी ओळ

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर पूर्ण, पूर्वीचा धंदा पंपांच्या कारखान्यात आरेखक, हल्लीचा धंदा घराच्या पाट्या व भेटवस्तू कोरून देणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी न थांबता दोनपर्यंत उतरलो. ते स्वतः एकावन्नाला अडखळले. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात दुसरे माणूस असावे लागते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा पाठकोऱ्या कागदावर एक यादी केली होती, ती हरवली. सापडल्यास रद्द समजावी.

कलम १. घर. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची झाकून घेतलेली गॅलरी, हे माझे स्वकष्टार्जित घर मी माझ्या एकुलत्या एका मुलाला देत आहे. त्याने ते खुशाल विकावे. वडिलांची आठवण म्हणून ठेवू नये, भिंतींना ओल आहे. मधल्या खोलीचे दार थोडे उचलून लावले तरच बसते. घर घ्यायला येणाऱ्याला हे आधी सांगण्याचे कारण नाही, पण व्यवहार झाल्यावर सांगावे.

कलम २. शिल्लक. बँकेत जे असेल ते मुलगा व सून यांना निम्मे-निम्मे. सुनेचा हिस्सा तिच्या एकटीच्या नावे जमा करावा. तिने माझे काहीही वाईट केलेले नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण कलम आठ वाचून तिचा तसा समज होऊ शकतो.

कलम ३. यंत्रे. मागच्या गॅलरीत दोन यंत्रे आहेत. एक सीएनसी राउटर, तो संगणकाच्या हुकमाने फिरत्या पात्याने लाकूड कोरतो. दुसरे लेझर, ते जाळून कोरते. दोन्ही छंदापुरती, म्हणजे कारखान्यातला माणूस ती पाहून हसेल. मीही हसलो असतो. माझी पत्नी नऊ वर्षांपूर्वी वारली. पहिले सहा महिने घरात इतकी शांतता होती की फ्रिज सुरू झाला तरी मी उठून बघायला जायचो. मग राउटर आणला. तो असा ठणाणा करतो की घरात आणखी कोणी नाही हे तेवढ्यापुरते विसरायला होते. लोकांना मी सांगतो की आरेखनाची आवड होती, ती पुढे चालवली. खरे कारण आवाज हे आहे.

ही यंत्रे, पाती, शिकंजे, धूर ओढणारा पंखा आणि संगणक यांसह, भेटवस्तूंचे दुकान चालवणाऱ्या बाईंना द्यावीत. निवृत्त होणाऱ्या एका परिचारिकेसाठी लाकडी घड्याळ, ही माझी पहिली ऑर्डर त्यांनी आणली आणि त्यानंतर माझा एकही आठवडा रिकामा जाऊ दिला नाही. भाव पाडून मागतात, ते असो.

बाईंना सूचना. पाते लाकडावर टेकवताना मध्ये कागदाचा कपटा ठेवून तो हलवत राहावा. कपटा अडकला की तिथे शून्य धरावे, म्हणजे कोरायची खोली तिथून मोजावी. नजरेने शून्य ठरवू नये. मी एकदा ठरवले आणि पाते थेट टेबलात घुसले. ती खाच बघायला मिळेल. रेक्झिनचा तुकडा लेझरखाली घालू नये, विषारी धूर होतो, मग गिऱ्हाईक कितीही गोड बोलो. चष्म्याशिवाय लेझर लावू नये. आणि नमुना नेहमी टाकाऊ प्लायवर काढावा. गिऱ्हाइकाने पसंत केला की मगच चांगल्या लाकडाला हात लावावा. या धंद्यातला पहिला धडा हाच आहे.

कलम ४. अक्षरांचा फलक. पुढच्या खोलीत भिंतीवर अक्षरांच्या बारा वळणांचा फलक आहे. गिऱ्हाइकाने त्यातले एक निवडायचे. खरे पाहता तीन पुरतात. दहातले नऊ लोक दोन नंबरचेच निवडतात. पण बारा ठेवली की माणूस खुर्चीवर टेकतो, नवरा-बायकोचे एकमत होत नाही, मुलीला फोन लावून विचारले जाते, पाऊण तास सहज निघतो. चौथ्या वळणापाशी मी चहाचे विचारतो, म्हणजे नाही म्हणून उठता येत नाही. कोणी फोनवरच “दुसरं वळण चालेल” म्हणाले की मला धंदा मिळतो पण दिवस फुकट जातो. हा फलक दुकानवाल्या बाईंना द्यावा. त्यांच्याकडे माणसांना तोटा नाही, त्यांनी तीनच वळणे ठेवावीत.

कलम ५. न नेलेल्या वस्तू. कपाटाच्या खालच्या खणात आहेत. एका मांजराच्या गळ्यातला बिल्ला. मांजर परत आले नाही असे मालकीण म्हणाली. स्पर्धेच्या अकरा ढाली; स्पर्धाच झाली नाही. एका जोडप्याची पाटी, दोन नावे आणि भोवती वेल. ती न्यायला नवरा एकटाच आला. पाटी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, “एकाच नावाची किती दिवसांत होईल हो?” मी तीन दिवसांत करून दिली. दोन नावांची इथेच आहे. सहा महिने वाट पाहावी, कोणी न आल्यास जाळावी. आधी जाळू नये. माणसे कधीकधी उशिरा येतात.

कलम ६. फायली. संगणक बाईंना देण्यापूर्वी त्यातल्या गिऱ्हाइकांच्या फायली मुलाने स्वतः पुसाव्यात. लोकांनी मला विश्वासाने बाळांच्या जन्मवेळा आणि वजने सांगितली आहेत, लग्नाच्या तारखा दिल्या आहेत. एका मुलीने तिच्या आईच्या हातची किराण्याची यादी आणून दिली होती: साखर, साबण, काडेपेटी, आणि खाली “सुटे पैसे परत आण”. ती यादी मी आईच्या अक्षरात जशीच्या तशी फळीवर उतरवली. मुलगी ती घेऊन पायऱ्यांवरच बसली आणि रडली. मी काय करावे हे न कळून आत जाऊन राउटर उगाचच चालू केला. असल्या गोष्टी कोणाच्या हाती लागू नयेत.

कलम ७. जुने हिशोब. कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो की “काका नुसतं बटण दाबतात”. त्याला माझ्या बोथट पात्यांचा डबा द्यावा. मोजून एकशे चार आहेत. नुसते बटण दाबून पाती बोथट होत नाहीत, हे त्याला उमजले तर उमजले.

वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी माझ्या यंत्राच्या आवाजाबद्दल इमारतीच्या समितीकडे चार लेखी तक्रारी केल्या. चारही शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष होत्या. त्यांना मी माझी कानझाकणे ठेवणार होतो. पण या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून तेच राजी झाले आणि वकील म्हणाले की साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून कानझाकणे त्यांना आजच हातात दिली. त्यांनी ती घालून पाहिली आणि म्हणाले, “चार वर्षं आधी द्यायला काय झालं होतं?”

कलम ८. सागवानी पाटी. आता मूळ विषयाला हात घालतो. वकिलांच्या मते मृत्युपत्रात कारणे लिहायची गरज नसते. पण मी कारण लिहायलाच बसलो आहे. घर मुलाला तसेही मिळाले असते.

सात वर्षांपूर्वी मुलाने दुसऱ्या शहरात नवीन घर घेतले. फोनवर म्हणाला, “बाबा, एक खोली जास्तीची आहे.” एवढेच म्हणाला. कोणासाठी, हे मी विचारले नाही. माझी पत्नी म्हणायची, “तुम्ही आधी भोक पाडता, मग भिंत कोणाची ते विचारता.” ती असती तर तिने माझ्या हातातून फोन ओढून घेऊन विचारले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आमच्या गल्लीतल्या सुतारांकडे गेलो. त्यांच्याकडे एका जुन्या दाराची सागवानी फळी होती, चांगली मुरलेली. त्यांनी ती रंधा मारून आरशासारखी करून दिली. तिच्यावर मी तीन ओळी कोरल्या. पहिल्या ओळीत मुलाचे नाव, दुसरीत सुनेचे, तिसरीत माझे. माझी ओळ एक बोट बारीक ठेवली, उगाच कर्त्या पुरुषाचा आव नको म्हणून. तीन हात तेल दिले, चार कोपऱ्यांना पितळी खिळे मारले. दुकानवाल्या बाईंना सांगितले की पुढच्या महिन्यापासून माझ्यासाठी ऑर्डर घेऊ नका. यंत्रांवर चादरी घातल्या. वर्तमानपत्र बंद केले.

ते राहायला गेले त्या रविवारी मी सहा तास बसने गेलो. पाटी ब्लँकेटमध्ये गुंडाळून मांडीवर घेतली होती. दिवस उन्हाळ्याचे होते आणि माझ्या पिशवीत स्वेटर होता. कोणी ती पिशवी उघडली असती तर तिथेच सगळे उघड झाले असते. कोणी उघडली नाही. ती दाराशी, चपलांच्या कपाटाजवळ राहिली.

सुनेचे आई-वडील होते, मुलाचे दोन मित्र होते. सगळ्यांसमोर मी ब्लँकेट सोडले. तीन ओळी वाचायला वेळ लागत नाही. सुनेने मुलाकडे पाहिले. मुलाने पाटीकडे पाहिले. विहीणबाई म्हणाल्या, “लाकूड छान आहे हो.” त्याच वेळी मला उघड्या दारातून ती जास्तीची खोली दिसली. तिथे सुनेचे टेबल होते, टेबलावर संगणकाचे दोन पडदे, शेजारी कागदांचे कपाट. ती घरून काम करते. कोणी मला फसवले नव्हते. खोली जास्तीची होती आणि तिला ती हवी होती, इतके ते साधे होते.

मुलगा काहीतरी बोलणार होता. त्याने तोंड उघडलेले मला दिसले. त्याच्या आधी मी बोललो. “अरे, हा नुसता नमुना आहे. तिसरी ओळ अंतर बघायला टाकली होती. दोन ओळींची खरी पाटी आठवड्याभरात पाठवतो.”

त्याने श्वास सोडला आणि हसला. “मला वाटलंच,” म्हणाला.

सून म्हणाली, “बाबा, चार दिवस राहा ना आता आलाच आहात तर.” तिने मनापासून म्हटले होते. मी म्हणालो, “छे गं, ऑर्डरी पडल्यात.” संध्याकाळच्या बसने परत आलो. दुसऱ्या दिवशी सुतारांनी विचारले, “लागली का पाटी?” मी म्हणालो, “नाही, तो नमुना होता.” ते म्हणाले, “सागवानाचा?” आणि पुन्हा रंधा मारायला लागले.

खरी पाटी मी सहाव्या दिवशी पाठवली. ती त्यांच्या दारावर आहे आणि चांगली झाली आहे. तेव्हापासून मुलगा ओळखीच्या लोकांना सांगतो, “बाबांना तिकडंच आवडतं. मशीन सोडून ते कसले येतायत!” माझ्यासमोर म्हणाला तेव्हा मी मान डोलावली. दर रविवारी त्याचा फोन येतो. मी त्याला कामे सांगतो, नसलेलीसुद्धा. या सगळ्यात त्याचा काही दोष नाही. त्याने मला नाही म्हटलेले नाही. मीच त्याला नाही म्हणू दिले नाही, आणि त्याचबरोबर हो म्हणायचीही सोय ठेवली नाही.

सागवानी पाटीची तिसरी ओळ मी भुसा आणि गोंद भरून घासून टाकली. पण लाकडात कोरलेले जात नाही. हवा दमट झाली की भरलेली जागा काळपट पडते आणि माझे नाव वाचता येते. म्हणून ती लेझरखाली पालथी घातली आहे. ती मुलाला द्यावी, आणि तिच्यासोबत हे कलम द्यावे. बाळा, मला तुमच्याकडे राहायला यायचे होते. आजही यायचे आहे. यंत्रांचे मला काही नाही. ती मी एका दिवसात झाकून ठेवली होती.

कलम ९. देह. डोळे दान करावेत. ते उत्तम आहेत, एकदाही चष्मा विसरलो नाही त्याचे हे फळ. बाकी जे सोयीचे असेल ते करावे.

कलम १०. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते. आज दुपारी चार वाजता सुतार आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ साक्षीच्या सह्यांसाठी आले. साक्षीदारांनी मजकूर ऐकलाच पाहिजे असा कायदा नाही, पण न वाचता सही करणारी माणसे मला आवडत नाहीत. मी सगळे मोठ्याने वाचले. कलम आठ वाचताना मध्ये थांबून पाणी प्यालो, पुढे वाचले.

सुतार म्हणाले, “सागवानावर नमुना कोण काढतं? मला तेव्हाच कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमचं तोंड एवढंएवढं झालं होतं. काय बोलू?”

वरचे गृहस्थ आजवर माझ्याशी आवाजाखेरीज दुसऱ्या विषयावर बोललेले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे हे त्यानं तुम्ही गेल्यावर वाचायचं?”

“मृत्युपत्र तसंच वाचतात.”

“आणि उत्तर कोणाला द्यायचं त्यानं? फोटोला?”

मी म्हणालो की मृत्युपत्राला उत्तराची अपेक्षा नसते. त्यांनी पेनाला टोपण लावले. “मग माझी सही नाही. आधी फोन करा.”

“तो कामावर असेल आत्ता.”

“असू दे की. तुम्ही माझ्या झोपेच्या वेळा कधी बघितल्यात?”

सुतारांनी टेबलावरचा फोन उचलून माझ्या हातात दिला. मी मधल्या खोलीत गेलो आणि दार उचलून लावले.

“बाबा? बरं आहे ना सगळं?” मुलाने विचारले. रविवार सोडून आमचे बोलणे होत नाही.

“बरं आहे. एक विचारायचं होतं. मला तुमच्याकडे राहायला यायचंय. कायमचं. चालेल का?”

त्याच्या मागे माणसांचे आवाज होते. दार लागल्याचे ऐकू आले, मग ते आवाज थांबले.

“बाबा, ती पाटी नमुना नव्हती ना?”

“नव्हती.”

अरे, गंमत केली तुझी, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. ते मी महत्प्रयासाने गिळले. आयुष्यात इतके अवघड काम मी यंत्रावरही केलेले नाही.

“मला हिच्याशी बोलावं लागेल,” तो शेवटी म्हणाला. “खोलीचं वगैरे बघावं लागेल. संध्याकाळी फोन करतो.”

“कर. नाही म्हणायचं असलं तरी कर.”

“हो बाबा,” तो म्हणाला. हे ‘हो’ फोन करण्याबद्दलचे होते. मी त्याचा दुसरा अर्थ लावलेला नाही, हे नमूद करतो.

आता सात वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. फोन आलेला नाही. सुतारांनी दोनदा माझा फोन उचलून त्याचा आवाज चालू आहे ना ते पाहिले. वरचे गृहस्थ घरी जाऊन जेवण घेऊन आले, तिघांचे. मला भीती वाटते आहे. सात वर्षांत ती वाटली नव्हती, कारण मी कोणाला काही विचारलेच नव्हते.

मुलाचे उत्तर काहीही आले तरी कलम एक व दोन बदलणार नाहीत. उत्तर आल्यास या मृत्युपत्राला पुरवणी जोडण्यात येईल. न आल्यास वरील मजकूर अंतिम समजावा.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: अठरा नोव्हेंबर, मंगळवार

लिहून देणार: (सही)

वरील मजकूर लिहून देणाऱ्यांनी आम्हांला मोठ्याने वाचून दाखवला आणि आमच्यासमक्ष त्यावर सही केली. सही करतेवेळी ते पूर्ण शुद्धीवर होते. या मृत्युपत्राने आम्हां दोघांना काहीही मिळत नाही. आमचे इथले काम सह्यांबरोबर संपले आहे. फोन येईपर्यंत आम्ही बसून आहोत.

साक्षीदार १: (सही) सुतार, याच गल्लीत
साक्षीदार २: (सही) वरचा मजला